अक्षराचा उजवा हात

माझ्या रागाबद्दल आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मी मुलांना मारत नाही. नोकरीच्या इतक्या वर्षांत एकदाही हात उचलला नाही. पण माझा आवाज चढला की भिंतीवरची पालसुद्धा जागा बदलते, असं माझा नवरा म्हणतो. तो धाटावच्या केमिकल कंपनीत मशीनच्या गोंगाटात शिफ्ट करतो, तेव्हा आवाजातलं त्याला कळत असणार. आम्ही राहतो रोह्याला आणि माझी प्राथमिक शाळा पेणच्या पुढे, खाडीच्या अंगाला असलेल्या एका गावात. सकाळची एसटी धरायची, रामवाडीला उतरायचं, तिथून रिक्षात सहाच्या जागी नऊ जणांनी बसायचं. शाळेत पोचेपर्यंत निम्मा राग वाटेतच खर्च व्हायला हवा, पण तो शिल्लक राहायचाच.

गाव गणपतीच्या मूर्तींचं. घरोघर कारखाने. कारखाना म्हटलं की रोह्याच्या माणसाच्या डोळ्यांसमोर धुराडं येतं. इथे कारखाना म्हणजे घराला लागून पत्र्याची लांब शेड, फळ्यांवर ओळीने उभे गणपती, आणि खाली मांडी घालून बसलेली घरची नि शेजारची माणसं. कुणी माती मळतंय, कुणी साच्यातून मूर्ती काढतंय, कुणी रंगवतंय. परदेशात जाणारे गणपती बोटीने जातात, म्हणून त्यांचं रंगकाम दिवाळी झाली की सुरू होतं. शाळेच्या पटावरची निम्मी मुलं अशा शेडमध्ये रांगलेली, तिथेच चालायला शिकलेली. या गावात मला सहा वर्षं झाली होती. मला वाटायचं, मला हे गाव कळलंय.

त्या वर्षी माझ्याकडे दुसरीचा वर्ग होता आणि मी एक नवी पद्धत काढली होती. पद्धत माझी स्वतःची, याचा मला भारी अभिमान. मुलं फळ्यावरचं बघून अक्षरं उतरवतात, म्हणजे चित्र काढतात; अक्षर डोक्यात जात नाही. म्हणून मी प्रत्येक अक्षराला अंग दिलं. 'क' म्हणजे काय? उभी काठी, डावीकडे पोट, उजवीकडे शेपूट, डोक्यावर टोपी! 'व'ला पोट आहे पण शेपूट नाही. पहिली वेलांटी म्हणजे अक्षराचा डावा हात, दुसरी म्हणजे उजवा. मी हे सगळं चालीवर म्हणायचे, मुलं पाटीवर काढायची, आणि माझा एकच नियम होता: बघून लिहायचं नाही, ऐकून लिहायचं. एका प्रशिक्षणात मी हे करून दाखवलं तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. टाळ्या पडल्यावर माणसाचं जे व्हायचं ते माझंही झालं.

आता ती मुलगी. नावं मी घेणार नाही, गाव लहान आहे. सावळी, काटकुळी, कपाळावर कायम कसला तरी रंग लागलेला. फळ्यावरून उतरवलेलं तिचं अक्षर दृष्ट लागण्यासारखं होतं. सात वर्षांच्या पोरीची रेघ अशी नसते. पण ऐकून लिहायची वेळ आली की सगळं उलटं. 'क'चं पोट उजवीकडे, शेपूट डावीकडे. 'काका' लिहायला सांगितलं तर काने डाव्या बाजूला. 'मी'ची वेलांटी पुढची मागे. आरशात बघून लिहावं तसं. आणि चुकून एखाद वेळी नव्हे, दर वेळी, न चुकता उलटं.

आधी मी समजावलं. "अगं, उजवीकडे, उजवीकडे." ती मान हलवायची आणि पुन्हा तसंच काढायची. मग माझा आवाज चढला. "उजवा हात वर कर बघू!" ती बरोबर उजवा हात वर करायची. "मग कळतंय ना? मग का नाही काढत?" ती माझ्याकडे बघत राहायची, आणि मला वाटायचं ही मुद्दाम करते. एकदा मी तिची पाटी घेतली आणि सगळ्या वर्गाला दाखवून विचारलं, "हा कुठल्या देशातला 'क' आहे?" पोरं खो खो हसली. ती हसली नाही, रडलीही नाही. तिने पाटी परत घेतली आणि ओढणीने पुसावी तशी फ्रॉकच्या टोकाने पुसून टाकली. त्या दिवसानंतर ती वर्गात बोलेनाशी झाली. ती पाटी वर्गासमोर धरल्याची मला आजही लाज वाटते.

पालकांच्या सभेला तिची आई आली होती. तिशीच्या आतबाहेरची, हाताला सोनेरी रंग लागलेला. मी सगळ्या आयांना नेहमीसारखं ऐकवलं, की शाळेत पाच तास आम्ही घेतो, घरी अर्धा तास तुम्ही घ्या; टीव्ही बंद करा आणि लेकरांना घेऊन बसा. सभा संपल्यावर ती मागे रेंगाळली.

"बाई, मी घेईन गो तिला, पन मला वाचाया नाय येत. चुकीचं शिकवलं तर?"

"वाचायला कशाला यायला हवं?" मी म्हटलं. "मी म्हणते तसं म्हणायचं. तिला ऐकून काढायला लावायचं. पुस्तक मिटून ठेवायचं."

आणि मी एक हुशारी केली. माझी ती चाल, अ पासून ज्ञ पर्यंत, मोबाइलवर रेकॉर्ड करून पालकांच्या ग्रुपवर टाकली. बाकीच्यांनी अंगठे पाठवले आणि विसरून गेले. पण हिला पहिल्यांदाच शाळेकडून असं काही आलं होतं, जे वाचावं लागत नव्हतं.

तिने खरोखर अर्धा तास घेतला. अर्धा कसला, जास्तच. मुलगी रोज सांगायची नाही, पण तिच्या दप्तरातल्या वहीची पानं भरत होती. पानामागून पान, क, क, क, सगळे उलटे. आई घ्यायला लागल्यापासून मुलगी आणखीच पक्की उलटी झाली.  मला वाटलं, घरी बसत नसतील, वेळ मारून नेण्यासाठी पोरीला पानं भरायला लावत असतील. मनात मी त्या आईलाही चार शब्द सुनावून घेतले.

मग मला ते प्रशिक्षण आठवलं, टाळ्यांचं नव्हे, दुसरं. त्यात सांगितलं होतं की मूल सतत आरशातल्यासारखी अक्षरं काढत असेल तर दुर्लक्ष करू नका, तज्ज्ञांना दाखवा. सांगितलेलं चुकीचं नव्हतं. अशी मुलं असतात, त्यांना मदत लागते, आणि माझ्याच शाळेतल्या दोन मुलांना अशा तपासणीचा पुढे चांगला उपयोग झाला. पण मी काय केलं? 'विशेष गरजा असलेल्या मुलांची यादी' मागवली होती, तीत तिचं नाव लिहिलं आणि यादी केंद्रप्रमुखांकडे पाठवून दिली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: वारंवार सांगूनही आकलन होत नाही. लिहिताना मला हायसं वाटलं, हे कबूल करायला हवं. म्हणजे चूक माझ्या शिकवण्यात नव्हती.

अलिबागला तपासणीचं शिबिर होतं आणि त्यासाठी पालकाची सही किंवा अंगठा लागणार होता. मुलीबरोबर फॉर्म घरी पाठवला. तो तसाच कोरा परत आला. पुन्हा पाठवला, पुन्हा कोरा. मुलगी शाळेत यायचीच बंद झाली. पहिल्या दिवशी पोटात दुखतं असा निरोप, दुसऱ्या दिवशी निरोपही नाही. शेजारच्या मुलाला विचारलं तर म्हणाला, "तिचा आजा बोलला, बास झाली शाला. बाईंनी कागदावर लिवून दिलंय तिला डोका नाय म्हनून."

 मी असं लिहिलं नव्हतं. पण शेऱ्याचा रकाना आठवला आणि वाटलं, असंच तर लिहिलं होतं. पोरगी दुसरीतच घरी बसणार आणि ते माझ्या सहीने होणार. शिबिर सोमवारी होतं. शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी फॉर्म पर्समध्ये घातला आणि त्यांच्या कारखान्यात गेले. समजूत काढायची, अंगठा घ्यायचा आणि संध्याकाळची एसटी धरायची, एवढाच माझा बेत.

शेडमध्ये शिरले तर आई एका मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होती. आखणी म्हणजे बारीक ब्रशने डोळ्याच्या रेघा ओढणं. हे काम गावात फार थोड्या बायकांना जमतं. रेघ एकदा टेकली की पुसता येत नाही, म्हणून त्या वेळी कुणी बोलत नाही. मीही पर्स उजवीकडे ठेवून गप्प खाली बसले. तिने श्वास धरला, पापणीची रेघ एका दमात वळवली, आणि त्या मातीच्या तोंडातून कुणीतरी बघायला लागलं. तिची ती रेघ बघून मला फळ्यावरच्या माझ्या अक्षरांची लाज वाटली. पलीकडे तिचे वडील, सत्तरीचे, थोडे कमी ऐकणारे, कच्च्या मूर्तींना हात बसवत होते. तिचं सासर-माहेर एकाच आळीत, त्यामुळे ती दिवसभर वडिलांच्याच कारखान्यात असायची. मुलगी कोपऱ्यात पाटी घेऊन बसली होती. मला बघून तिने पाटी पालथी घातली.

आणि फळीवर ठेवलेल्या मोबाइलमधून मी ओरडत होते. "उभी काठी! डावीकडे पोट! उजवीकडे शेपूट!" माझीच रेकॉर्ड. पॉलिश पेपर घासणाऱ्या दोन बायका तोंडातल्या तोंडात माझ्याबरोबर म्हणत होत्या. सगळ्या शेडला माझी चाल पाठ. स्वतःचा आवाज असा परक्यासारखा ऐकला आणि त्या पालीची बाजू मला पटली.

"दिसभर लावून ठेवते," आई ब्रश धुताना म्हणाली. "तुम्ही बोलल्या तसं. पुस्तक मिटून." तिने माझ्याकडे बघितलं नाही. "तरी नाय आलं तिला. मग मी काय करू, बाई?"

तिने पूर्ण अर्धा तास घेतला होता, मन लावून घेतला होता, आणि मी तिला खोटं ठरवलं होतं.  मी फॉर्म काढायला पर्सकडे हात नेला. तेवढ्यात आबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, नुकतीच हात बसवलेली एक ओली मूर्ती माझ्या समोर, अगदी गुडघ्याजवळ फळीवर ठेवली.

"बाय, उजव्या हाताला जपा गो, ओला हाय."

मी जपलं. उजव्या बाजूची पर्स चटकन उचलून मोठ्या काळजीने डावीकडे घेतली, आणि ती थेट गणपतीच्या हाताला लागली. आशीर्वादाचा हात मनगटापासून निखळून माझ्या पदरात पडला.

कोपऱ्यातून हसू आलं. त्या मुलीचं हसू मी वर्षभरात पहिल्यांदा ऐकत होते.

"बाईंना डावा-उजवा नाय कलत!"

"गप गो!" आई धावली.

"मला कळत नाही?" माझा आवाज चढलाच. ओल्या मातीचा हात एका हातात धरून मी दुसरा हात वर केला. "हा माझा उजवा. ह्या बाजूला मी जपलं!"

"तो तुमचा," मुलगी म्हणाली. ती उठून आली आणि मूर्तीशेजारी उभी राहिली. मी तिला कधीच दाखवला नव्हता इतका धीर धरून तिने मला समजावलं. "आबा गनपतीचा उजवा बोलला. गनपती आपल्याकडं बघतो ना, मंग त्याचा उजवा आपल्या डाव्या हाताला येतो."

"गिऱ्हाईक येतं ना, बाई," आई ओशाळून म्हणाली, "उजव्या सोंडेचा पायजे म्हनतं. आमी आमचा उजवा धरला तर समदी सोंड उलटी व्हईल. हितं सगळं गनपतीकडून बोलतात. पोरांना पयला तेच शिकवतो."

तो मोबाइल अजून ओरडत होता. डावीकडे पोट, उजवीकडे शेपूट, डोक्यावर टोपी. कुणाच्या डावीकडे? मी अक्षराला पोट दिलं, हात दिले, डोकं दिलं, आणि मग म्हटलं, उजवीकडे. ज्याला पोट आहे, डोकं आहे आणि जो समोर बघतोय, त्याचा उजवा हात कुठला, हे या गावात रांगणाऱ्या पोरालाही माहीत असतं.

"पाटी आण," मी म्हटलं. "आणि 'क' काढ बघू."

ती घाबरली, पण तिने काढला. नेहमीसारखा उलटा. आणि वर्षभरात जे मी एकदाही विचारलं नव्हतं ते आता विचारलं. आवाज न चढवता विचारलं. "ह्याचा उजवा हात कुठला?"

तिने बोट ठेवलं, तिच्या डावीकडच्या शेपटावर. हा काय प्रश्न झाला, असा तिचा चेहरा.

"कशावरून?"

"तो माझ्याकडं बघतो ना."

"अगं, पण फळ्यावर मी काढते तो असा नसतो. पुस्तकात असा नसतो. तुला दिसतं ना ते?"

"दिसतं." तिने पाटीवरच्या 'क'वर पुन्हा बोट फिरवलं. "मला वाटलं दोन 'क' हायत. एक बघायचा आनि एक ऐकायचा. तुम्ही बोलल्या, ऐकून काढायचा तर बघायचा नाय."

बाकीची पोरं माझा नियम मोडत होती. ऐकल्याचं सोंग करून तिरक्या नजरेने फळ्याकडे बघत लिहीत होती, आणि मी त्यांना शाबासकी देत होते. माझी आज्ञा एकट्या हिने पाळली होती, आणि यादीत नाव हिचं गेलं.

"मला बी दिसायचं," आई हळू आवाजात म्हणाली. "पुस्तकातला वेगला, हिचा वेगला. पन मला वाटलं, आपल्याला काय कलतं. मीच तिला दटावायची, बघून नको काढू, बाईंचं ऐक."

मला रडू आलं. आवरून वगैरे घेतलं नाही, सरळ रडले. आबांना काय चाललंय ते नीट ऐकू येत नव्हतं. त्यांना वाटलं, हात मोडला म्हणून रडते. "अगो बाय, येवढं काय त्यात," म्हणत त्यांनी माझ्या हातातून तो तुटका पंजा घेतला, पाण्याचं बोट फिरवलं आणि परत मनगटाला बसवला. नीट बसला. मी फॉर्म पर्समधून काढलाच नाही. संध्याकाळची एसटी चुकली ती चुकलीच.

रात्री घरी सांगितलं तर नवरा आधी पोट धरून हसला. "म्हणजे पोरीला नाही, डावं-उजवं तुला कळत नव्हतं!" मग माझा चेहरा बघून गप्प झाला आणि स्वतः उठून चहा ठेवला. दुसऱ्या दिवशी शनिवारची शाळा सुटल्यावर मी केंद्रप्रमुखांकडे गेले आणि अर्ज दिला: सदर विद्यार्थिनीचे नाव माझ्या चुकीने यादीत गेले आहे, ते कमी करावे. 'माझ्या चुकीने' हे दोन शब्द खोडून 'नजरचुकीने' लिहावं असं एकदा मनात आलं होतं. लिहिलं नाही, एवढं पुण्य पदरात पडलं. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "तुमची ती पद्धत फारच गाजली होती ना?" मी अर्जाची पोच मागून घेतली.

सोमवारी पोरगी शाळेत आली. मी वर्गात सगळ्यांना सांगितलं, की त्या दिवशी पाटीवरचा 'क' याच गावातला होता आणि चूक बाईंची होती. पोरांना चूक बाईंची असली की फार आवडतं. चाल मी बदलली: जेवायच्या हाताकडे शेपूट! लगेच एका डावखुऱ्या पोराने हात वर करून हरकत घेतली. मग खिडकीकडे पोट आणि दाराकडे शेपूट असं ठरलं, आणि बघून लिहायचं नाही हा नियम मी मोडीत काढला. ऐका, बघा, शेजाऱ्याला विचारा, मला विचारा. चार दिवसांत तिचे 'क' सरळ झाले. आठवडाभरात ती वाचायलाही लागली, आधी ओठांत आणि मग मोठ्याने. तिला वाचता येतच होतं. पण आपण वाचतो ते बघायचं की ऐकायचं, या घोटाळ्यात तिने तोंड मिटून घेतलं होतं.

पुढच्या शुक्रवारी नाव कमी झाल्याचा कागद माझ्या हातात आला. तो दाखवायला मी पुन्हा कारखान्यात गेले. मुलगी बाहेर खेळत होती. आई आणि आबा दोघेच होते. मी कागद वाचून दाखवला, आणि वाटलं ती खूश होईल. तिने नुसती मान हलवली. मग हातातला आखणीचा बारीक ब्रश उलटसुलट करत म्हणाली,

"बाई, एक दाखवू?"

मूर्तीखाली पसरलेल्या वर्तमानपत्राच्या कडेला, जिथे कोरी पट्टी होती, तिथे तिने काळ्या रंगाने 'क' काढला. एका दमात, डोळ्याची पापणी काढावी तसा. उजवीकडे पोट, डावीकडे शेपूट.

"मी तिसरीपतूर होते शालेत," ती म्हणाली. "असाच यायचा मला. मास्तर पुस्तक मिटायला लावायचे आनि सांगायचे, उजवीकडं, डावीकडं. मी काढायची तर हातावर पट्टी. मंग आबाला बोलावलं आनि सांगितलं, हिच्या डोक्यात माती हाय. आबा बोलला, माती हाय तर मातीतच बसू दे." ती हसायला गेली पण तिला ते जमलं नाही. "आठ दिस झाले, तुम्ही येऊन गेल्यापासून हेच घोलतंय. मी ढ नव्हते ना, बाई?"

"नव्हतीस गो," मी म्हटलं. "मुळीच नव्हतीस."

ती वळली आणि वडिलांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने बोलली. "आबा! मी ढ नव्हते. बाई सांगतात. मास्तर त्यांचा उजवा बोलायचे आनि मी गनपतीचा धरायची. येवढंच होतं ते."

आबांचे हात मातीत थांबले. त्यांनी मला विचारलं, "येवढंच?"

"एवढंच, आबा," मी म्हटलं. "मास्तरांनी विचारायला हवं होतं. मीही नाही विचारलं."

त्यांनी मान हलवली, पण माझ्याकडे बघितलं नाही. ते लेकीने काढलेल्या त्या अक्षराकडे बघत होते.

"मास्तर भायेरचा मानूस," ते म्हणाले. "त्याला काय ठावं. पन उजवा-डावा मीच शिकवला ना तुला. मला तरी कलायला पायजे व्हतं, गो."